आत जाणाऱ्यांची झडती

"हात आहेत की बर्फाच्या लाद्या? रोज संध्याकाळी अंगावर काटा आणतेस बाई. मेल्या माणसाचेसुद्धा एवढे गार..."

पॅकिंगवाली तोफ एवढं बोलली आणि तिने जीभ चावली. पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या खालून निळ्या पट्ट्यांच्या चपला दिसत होत्या, आणि त्या कुणाच्या ते आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

"थंडीच फार पडलीय यंदा," तोफ म्हणाली.

बाहेर बायका एप्रनने घाम पुसत होत्या. मीही म्हटलं, "पडलीय खरी," आणि तिचे खिसे चाचपून तिला सोडलं. जाताना तिने चपलांच्या मालकिणीच्या दंडाला उगाच हात लावला आणि काही न बोलता निघून गेली. तोफ काही न बोलता जाते म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. पॅकिंगच्या टेबलावर ती हळू आवाजात काही सांगायला लागली, तर ते कटिंगवाल्यांनाही ऐकू जातं. म्हणून तर तोफ.

मी कपड्यांच्या कारखान्यात गार्ड आहे. गार्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिशा आणि दंडुका येतो. ते दोन्ही आमच्या शिट्टीकाकांकडे आहे. ते मोठ्या फाटकात उभे राहतात आणि ट्रक आला की शिट्टी मारतात, ट्रक गेला की शिट्टी मारतात, आणि मधल्या वेळात कुत्र्यांवर शिट्टी मारतात. माझ्या वाट्याला फाटकाशेजारचा पत्र्याचा आडोसा, एक पडदा आणि एक स्टूल. कारखाना सुटला की बायका एकेक करून आत येतात, हात पसरतात, आणि मी खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवते. दोऱ्याचं रीळ, कात्री, बटणं, तयार कपडा, असं कारखान्याचं काही कुणाच्या अंगावरून बाहेर जाऊ नये म्हणून. आत येताना कुणाला कोण अडवणार? कारखान्यात काही घेऊन येणारा वेडा अजून जन्माला यायचा होता.

बायका मला झडतीबाई म्हणतात. आधी तोंडामागे म्हणायच्या, मग तोंडावर म्हणायला लागल्या, आता पगाराच्या दिवशी मी स्वतःच म्हणते, "झडतीबाईचं पाकीट कुठाय?" इतक्या वर्षांत सापडलं फार थोडं. पण हातांना दुसरंच काय काय कळत गेलं. कुणाची पाठ धरलीय, कुणी दुपारचा डबा खाल्लेला नाही, कुणाच्या खांद्याला हात लावला की ती श्वास आत ओढते आणि विचारलं तर म्हणते, "दारावर आपटले." मी कधी कुणाला काही विचारत नाही. पण दारावर आपटणारीला दुसऱ्या दिवशी जरा हलक्या हाताने तपासते, आणि तिला कळतं की मला कळलंय.

माझी लेक ह्याच कारखान्यात शिवणावर आहे. ती लागली त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की घरच्या माणसाची झडती दुप्पट कडक. कुंपणच शेत खातं असं कुणी म्हणायला नको. लेकीलाही ते ठाऊक होतं, म्हणून ती रांगेत सगळ्यात शेवटी यायची. मागे कुणी खोळंबायला नको. "चला, हाडं मोजून घ्या," असं म्हणून हात पसरायची. मी तिची कॉलर उलटून बघायची, बाह्या चुरगाळून बघायची, चपलासुद्धा काढायला लावायची. बायका हसायच्या. "सख्खी आई आहे की सावत्र?" असं तोफ बाहेरूनच विचारायची.

खरं सांगायचं तर लग्न होऊन ती सासरी गेल्यावर तिला हात लावायची माझी तेवढीच वेळ उरली होती. आमच्यात गळ्यात पडायची पद्धत नाही. झडतीच्या निमित्ताने रोज माझी पोर खांद्यापासून पावलापर्यंत माझ्या हाताखालून जायची.

म्हणूनच तिने सांगायच्या आधी मला कळलं. कंबरेवरून हात पुढे आले आणि थांबले. ती कुजबुजली, "कुणाला बोलू नकोस हं आई."

"मी कुठे काय बोलले?"

"तुझे हात बोलले ना."

त्या महिन्यांमध्ये माझ्या हातांची नुसती चैन होती. पोट रोज इवलंसं पुढे सरकत होतं. एकदा आतून लाथ बसली. मी म्हटलं, "बघ, झडतीला विरोध करतंय, आत्ताच युनियनमध्ये जाणार हे." आम्ही दोघी पडद्याआड तोंड दाबून हसलो.

पुढचं सांगायला मला शब्द नाहीत असं नाही. शब्द आहे. तो कुणी वापरत नव्हतं एवढंच. दवाखान्यातून आल्यावर तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, शेजारच्यांना सांगायच्या, "तिला जरा बरं नव्हतं." जावई म्हणायचे, "ते तसं झालं ना, तेव्हापासून." कारखान्यात बायका म्हणायच्या, "तुझं ते झालं त्याच्या आधी" आणि "तुझं ते झालं त्याच्या नंतर." मीही तेच म्हणत होते. रजेच्या अर्जावर 'आजारपण' लिहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, नावच काढायचं नाही, म्हणजे जखम भरेल. हे नक्की कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पाळलं सगळ्यांनी. सगळी मायेची माणसं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तिच्याभोवती आम्ही असा पहारा बसवला की मुंगी आत जाऊ नये.

ती कामावर परत आली तर सुपरवायझरने तिला लहान मुलांच्या कपड्यांच्या लाइनवरून उठवून पॅकिंगशेजारी पुरुषांच्या कॉलरींवर बसवलं. तोंडाने म्हणाला, "तिकडे माणूस कमी आहे." माणूस कमी वगैरे काही नव्हतं. डब्याच्या सुट्टीत ज्यांची पोरं लहान त्या आपल्या पोरांच्या गोष्टी गिळून कांदे-बटाट्यांवर बोलायच्या. ती येऊन बसली की बोलणं अडखळायचं, जशी गाडी रूळ बदलताना अडखळते.

आणि झडतीला ती हात पसरून उभी राहिली तेव्हा माझे हात खांद्यांवरून, पाठीवरून, कंबरेपर्यंत आले आणि पोट सोडून खाली गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या अंगाचा एक तसू सोडला नव्हता. तो सोडला. दुसऱ्या दिवशीही सोडला. मग ते तसंच ठरून गेलं. ती समोर भिंतीकडे बघत उभी राहायची. हाडं मोजून घ्या वगैरे काही नाही. मी म्हणायची, "जा," आणि ती जायची.

तोफेने जीभ चावली त्या संध्याकाळीही असंच झालं. फक्त एक वेगळं होतं. लेकीच्या बोटाला पट्टी होती.

"हे काय?"

"सुई लागली."

"जाळी कुठे गेली मशीनची?"

आमच्याकडे प्रत्येक मशीनला सुईच्या पुढे तारेची एक छोटी जाळी असते, बोट सुईखाली जाऊ नये म्हणून. निम्म्या बायका ती वर वळवून ठेवतात आणि सुपरवायझर आला की पटकन खाली करतात. माझ्या लेकीने मात्र ती कधी हलवली नव्हती. तिला भीतीच फार होती सुईची.

"वर केली," ती म्हणाली. "जाळी असली की टाका दिसत नाही, आई."

मी म्हटलं, "टाका नाही दिसला तर चालेल, बोट राहू दे." ती हसल्यासारखं करून गेली.

ह्यानंतर थोड्याच दिवसांत मला मॅनेजरने बोलावलं. मॅनेजर नवा. लेक रजेवर होती तेव्हा जुना गेला आणि हा आला. वयाने लहान, बोलायला मऊ. मला मावशी म्हणतो, आणि नुसतं म्हणत नाही, बसायला खुर्चीही देतो. त्याने टेबलाच्या खणातून एक झबलं काढून माझ्यासमोर ठेवलं.

"मावशी, हे बघा. पॅकिंगमध्ये निघालं, लहान मुलांच्या कपड्यांच्या खोक्यात. खोक्यात पीस एक जास्त. हा जास्तीचा. आपला मालच नाही हा. लेबल नाही, कापड जुनं, शिवण हातची. आणि पहिल्यांदाच नाही झालेलं हे."

पांढरं झबलं. मऊ, इतकं मऊ की हातात धरलंय असं वाटू नये. छातीशी डाव्या बाजूला धाग्याचं इवलंसं पिवळं फूल काढलेलं. मी फुलावरून अंगठा फिरवला, तर खाली दोन बारीक भोकं लागली.

ती भोकं माझ्या ओळखीची होती. माझा नवरा मालगाडीवर गार्ड होता. पांढरा कोट, छातीला पितळेचा बिल्ला. शेवटच्या डब्यात एकटा बसायचा, हिरवा झेंडा, लाल झेंडा आणि पाण्याची बाटली घेऊन. लोक विचारायचे, गाडी चालवतोस का? तो म्हणायचा, "गाडी पुढे कुठे जाते ते गार्डाला दिसत नाही बाबा. मागे काय सुटलं तेवढं दिसतं." तो गेल्यावर त्याचे कोट मी कुणाला दिले नाहीत. पाण्यात घालून घालून कापड लोण्यासारखं झालं होतं. लेकीला दिवस गेले तेव्हा मी ते कोट उसवले आणि तिला दिले. म्हटलं, आजोबाचं अंग लागू दे लेकराला. बिल्ल्याची भोकं बुजेनात, म्हणून तिने वर फूल काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी माझ्याच दारात बसून काढलं होतं.

"ओळखीचं वाटतंय का?" मॅनेजरने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"कमी निघालं असतं तर मला कळलं असतं काय करायचं ते. चोरी म्हटलं असतं. पण जास्त निघाल्यावर काय म्हणायचं?" तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "गिऱ्हाइकाला वाटेल आपण वापरलेले कपडे भरतो. अख्खा माल परत येईल. उद्यापासून आत येणाऱ्यांचीही झडती घ्या. सकाळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात नुसता तमाशा. आत जाताना झडती म्हणजे काय हे कुणाला समजेना. एकीने विचारलं, "घरून काय चोरून आणणार आम्ही, नवऱ्याचं घोरणं?" दुसरी म्हणाली, "सासू आणलीय पिशवीत, जप्त करतेस का?" तोफ हात पसरून म्हणाली, "बघ बाई नीट, आत अक्कल तर नेत नाही ना मी. वर साहेबांना चालायची नाही." शिट्टीकाकांनी हसू लपवायला शिट्टी मारली.

लेक शेवटी आली. खांदे, पाठ, कंबर. आणि माझे हात नेहमीच्या वाटेने पोट सोडून खाली गेले.

"जा," मी म्हटलं.

ती गेली. आणि त्या आठवड्यात खोक्यात पुन्हा एक झबलं निघालं.

मला कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? कापड माझं, फूल तिचं. पण कळणं आणि हात पुढे करणं ह्यात मोठं अंतर असतं. मी स्वतःला सांगत होते की झडतीत काही सापडलं नाही, मी काय करू. रोज सकाळी ती दोन हात पसरून उभी राहायची, आणि माझे हात कुठे जाणार नाहीत हे तिला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं.

मॅनेजरने आपल्या परीने सरळ हिशोब केला. आत जाताना कुणाकडे काही नाही, तरी खोक्यात निघतं, म्हणजे आतल्याच कुणाचं काम. खोक्यावर शेवटचा हात कुणाचा? तोफेचा. त्याने तिला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत." त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मोजण्यात चुकलं असेल." हे कारखान्यात पसरलं तेव्हा बायका चाट पडल्या. तोफेचं मोजण्यात चुकणं म्हणजे शिट्टीकाकांनी शिट्टी गिळणं. आणि ती भांडली नाही, हे त्याहून नवल. मग एका संध्याकाळी झडतीला आली आणि म्हणाली, "उद्याचा एक दिवस. उद्या दुपारी हिशोब करून जा म्हणालेत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? कधी ना कधी जायचंच होतं." तिने हात पसरले. माझे हात लागले तरी ती काही बोलली नाही. गार म्हणाली नाही, लादी म्हणाली नाही. तेवढ्यात पडद्याखाली निळ्या पट्ट्या आल्या. तोफेने तिकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बोटाने हळूच खूण केली की गप्प राहा.

म्हणजे तिला माहीत होतं. पॅकिंगच्या टेबलावर बसून तिला सगळं दिसलं होतं, आणि तिनेही आमच्यासारखा पहाराच धरला होता. मी घरी गेले आणि भाताचं पातेलं करपवलं.

सकाळी लेक नेहमीसारखी शेवटी आली. मागे रस्ता रिकामा होता. मी पडदा ओढला. खांदे. पाठ. कंबर. आणि मग मी तळहात तिच्या पोटावर ठेवला.

तिने श्वास धरला. माझ्या हाताखाली एप्रन, एप्रनच्या खाली घडी, घडीच्या खाली ती. सपाट. मी हात काढला नाही.

"आई," ती म्हणाली.

"अजून किती आहेत गं?"

"आहेत थोडी."

"कशाला असं करतेस, बाई?"

"मग काय करू? सासूबाईंनी पेटीत घालून कुलूप लावलं. म्हणाल्या नजरेसमोर नको. ह्यांनी पेटी माळ्यावर टाकली. मग मी बघत बसते म्हणून शिडी शेजाऱ्यांकडे देऊन टाकली. किल्ली सासूबाईंच्या उशीखाली असते. ती काढून घेते आणि खुर्चीवर स्टूल ठेवून चढते मी."

"अगं, पडली असतीस म्हणजे!"

"बघ. तूपण तेच." ती अजून पोटावरच असलेल्या माझ्या हाताकडे बघत होती. "अंगात घालायलाच शिवली होती ना मी, आई. कुणाच्या तरी अंगात जाऊ देत. खोकी कुठल्या कुठे जातात. कुठल्या तरी घरात उघडतात. कुणीतरी म्हणेल, हे एक जास्तीचं आलंय बघ, मऊ आहे, हेच घाला आधी."

माझ्या तोंडून आलं ते भलतंच होतं. "तोफेला काढतायत आज."

"का?"

"खोक्यात जास्तीचं निघालं म्हणून."

तिचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कोण सांगणार? तुला कुणी काही सांगत नाही..." म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं ते.

तिने एप्रनखाली हात घातला, झबलं काढलं आणि माझ्या हातात दिलं. कारखान्याचा भोंगा झाला. ती आत पळाली. काय कर, काय करू नको, काही म्हणाली नाही. मी झबलं खिशात घातलं, छातीजवळच्या, आणि सकाळभर फाटकात अशी उभी होते की कुणाला वाटावं माझ्याच खिशात चोरीचा माल आहे.

दुपारी मी मॅनेजरच्या खोलीत गेले. तोफ टेबलासमोर उभी होती, हातात तिचा डबा आणि पॅकिंगच्या टेबलाखाली ठेवायची जुनी चप्पल. शिट्टीकाकाही होते. काढलेल्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला गार्ड लागतो, असा नियम. बिचाऱ्यांनी टोपी हातात धरली होती आणि ती गोल गोल फिरवत होते.

"या मावशी, बसा," मॅनेजर म्हणाला.

मी बसले नाही. "साहेब, त्या झबल्यांत हिची काही चूक नाही."

"गप गं तू," तोफ म्हणाली. "माझंच चुकलं. लहानपणापासून गणित कच्चं माझं. लिहा साहेब तसं."

"अहो बाई, पण आजवर तुमचा एक पीस इकडचा तिकडे नाही झाला."

"आता म्हातारी झाले."

एका सुपरवायझरने म्हातारी म्हटलं म्हणून तोफेने त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. शिट्टीकाकांनी खाली पाहिलं.

मी खिशातून झबलं काढून टेबलावर ठेवलं. "हे आजचं. माझ्या लेकीचं आहे. म्हणजे तिने शिवलेलं, घरी. सगळी तिचीच."

मॅनेजरने झबल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मला रागावणाऱ्यांची सवय आहे. "कॉलरवर आहे ती? मग ती कशाला हे खोक्यात घालते?"

"तिला मधे बरं नव्हतं, साहेब."

"हो, रजा होती ना. आजारपण लिहिलंय. ताप होता का?"

"ताप नाही. ते... तसं झालं ना तिचं."

"कसं?"

आता कसं म्हणजे काय सांगायचं. मी तोफेकडे पाहिलं. अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा तिचा आवाज, पण ती डब्याच्या झाकणावरची कडी घालत आणि काढत होती. शिट्टीकाका पंख्याकडे बघत होते. आम्ही तिघंही इतके दिवस ह्या एका शब्दाच्या दारात उभे होतो, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. आणि आता आम्हालाच आत जाता येत नव्हतं.

मॅनेजर वाट बघून थकला. त्याने झबलं उचललं, टेबलावर पसरलं, बाह्या सरळ केल्या. त्याच्या घरी लहान मूल आहे, टेबलावर फोटो असतो. त्याने फुलावरून बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, अगदी मायेने म्हणाला, "छान शिवलंय हो. आमच्याकडेही असंच मऊ लागतं. पण मावशी, ज्या बाळासाठी शिवलंय त्यालाच घालायचं ना. खोक्यात कशाला?"

शिट्टीकाकांच्या हातातली टोपी फिरायची थांबली.

मग कुणीतरी दारात असल्यासारखं वाटलं. मी वळले. लेक उभी होती. खांद्यावर कॉलरींच्या कापडाचा तुकडा तसाच राहिलेला, बोटाला पट्टी. कुणी बोलावलं नव्हतं तिला. मॅनेजरचं बोलणं तिने ऐकलं होतं, ते तिच्याकडे पाहिल्यावर दिसत होतं. तिने तोंड उघडलं.

आणि माझा हात वर गेला. तळवा तिच्याकडे, बोटं ताठ, फाटकात कुणाला थांबवताना करते तसा. मी केला नाही, तो झाला. त्या दवाखान्यापासून आजपर्यंत तिने तोंड उघडलं की कुणाचा ना कुणाचा हात असाच वर गेला होता. सासूबाईंचा, जावयांचा, सुपरवायझरचा, डबा खाणाऱ्या बायकांचा. राहू दे, नको आठवूस, त्रास होईल. ती दर वेळी थांबली होती. आताही थांबली. माझ्या हाताकडे बघत उंबऱ्यावर उभी राहिली, जशी रोज सकाळी पडद्याआड उभी राहते, मी "जा" म्हणेपर्यंत.

मी हात खाली घेतला.

"जा," मी म्हटलं.

ती आत आली. टेबलाशी गेली. मॅनेजरच्या बोटांखालून तिने झबलं हळूच काढून घेतलं, बाह्या आत दुमडल्या, एक घडी घातली, मग दुसरी, आणि ते दोन्ही हातांवर धरलं.

"मुलगी होती, साहेब," ती म्हणाली. "मेलेली जन्मली."